ब्राह्मोसचं परीक्षण : वेग काय भावाने पडतो?

जहाजावरून किंवा जमिनीवरून सुटणारं ब्राह्मोस क्षेपणास्त्र तीन टनांचं असतं आणि त्यातलं वॉरहेड, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, दोनशे किलोंचं. पंधरा किलो वजन फेकावं तेव्हा एक किलो मारा पोचतो. अमेरिकेच्या हार्पूनमध्ये हेच प्रमाण तीनास एक पडतं : ६९० किलोंच्या क्षेपणास्त्रात २२१ किलोंचं वॉरहेड. काम दोघांचं मुळात एकच, समोरचं जहाज निकामी करणं. मग हे जास्तीचं वजन जातं कुठे? थोडं पल्ल्यात आणि बाकी सगळं वेगात. म्हणून ब्राह्मोस घेण्याजोगं आहे का, हा प्रश्न खरं तर असा विचारायला हवा की इतकं वजन मोजून विकत घेतलेला वेग कुठे उपयोगी पडतो आणि कुठे वाया जातो.

पूर्वपीठिका थोडक्यात. १२ फेब्रुवारी १९९८ रोजी मॉस्कोत भारत आणि रशिया यांच्यात करार झाला. भारताकडून सही होती डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची. ब्राह्मोस एअरोस्पेस या कंपनीत भारताचा वाटा ५०.५ टक्के, रशियाच्या एनपीओ माशिनोस्त्रोयेनियाचा ४९.५ टक्के. नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांवरून. पहिलं उड्डाण १२ जून २००१ ला ओडिशातल्या चांदीपूरहून. हे यंत्र शून्यातून उभं केलेलं नाही, त्याचा मूळ सांगाडा आणि इंजिन रशियाच्या पी-८०० ओनिक्स क्षेपणास्त्राचं आहे. भारताने त्यात दिशादर्शन, संगणक, सॉफ्टवेअर आणि लाँचर घातले आणि हळूहळू इतर भागही इथे बनवायला घेतले. नौदलात २००५ मध्ये ते आयएनएस राजपूतवर आलं, लष्करात २००७ मध्ये.

वेगाने काय हाती लागतं

पंधरा किलोमीटर उंचीवर हवा इतकी थंड असते की ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटरपर्यंत उतरतो. मॅक २.८, म्हणजे ध्वनीच्या २.८ पट वेग, तिथे सेकंदाला साधारण ८२५ मीटर पडतो. या हिशोबाने २९० किलोमीटरचं अंतर सहा मिनिटांच्या आत संपतं. ध्वनीपेक्षा कमी वेगाचं क्षेपणास्त्र सेकंदाला २७० मीटरने गेलं तर त्याला अठरा मिनिटं लागतात.

बारा मिनिटांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, समुद्रावर तो फार मोठा आहे. ताशी ३० सागरी मैलांनी पळणारी विनाशिका सहा मिनिटांत साडेपाच किलोमीटर सरकते, अठरा मिनिटांत साडेसोळा. म्हणजे क्षेपणास्त्र तिथे पोचेल तेव्हा लक्ष्य ज्या वर्तुळात कुठेही असू शकतं त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ मंद क्षेपणास्त्राच्या बाबतीत नऊपट होतं. तेवढा समुद्र सीकरला, म्हणजे क्षेपणास्त्राच्या नाकातल्या रडारला, धुंडाळावा लागतो, किंवा वाटेत कुणीतरी नवी माहिती पुरवावी लागते. ब्राह्मोसला ही मदत क्वचितच लागते. आमच्या मते वेगाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा हाच आहे : सोडायच्या क्षणी असलेली माहिती पोचायच्या क्षणापर्यंत शिळी होत नाही.

दुसरा फायदा शेवटच्या तीस किलोमीटरचा. जहाजाचा रडार अँटेना पाण्यापासून २० मीटर उंच असेल आणि क्षेपणास्त्र १० मीटरवरून येत असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते सुमारे ३१ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसतच नाही. पाण्यालगतच्या दाट हवेत ब्राह्मोसचा वेग मॅक २ च्या आसपास उतरतो, म्हणजे सेकंदाला ६८० मीटर. जहाजाच्या हाती उरतात पंचेचाळीस सेकंद. तेवढ्यात लक्ष्य ओळखायचं, दिशा ठरवायची, प्रतिक्षेपणास्त्र सोडायचं, आणि पहिलं चुकलं तर दुसरं. मंद क्षेपणास्त्र पाच मीटरवरून आलं तरी जहाजाला दीड मिनिटाच्या आसपास मिळतं. म्हणजे दुप्पट वेळ, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या प्रयत्नाची संधी.

तिसरा फायदा धडकेचा. तेवढ्याच वस्तुमानाला तिप्पट वेग दिला की गतिज ऊर्जा नऊपट होते. सेवेतून काढून टाकलेल्या जहाजांना चाचण्यांत पडलेली भोकं यामुळेच वॉरहेडच्या आकाराच्या मानाने मोठी दिसतात.

आता याची दुसरी बाजू. पंधरा किलोमीटर उंचीवरून जाणारी वस्तू त्याच जहाजाच्या रडारला तत्त्वतः पाचशे किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर असते. शिवाय मॅक २.८ ने तापलेलं अंग आणि मागची ज्वाला उष्णता टिपणाऱ्या उपकरणांना लपत नाही. ब्राह्मोस लपून येतच नाही. दिसूनही वेळ पुरू न देणं हा त्याचा मार्ग आहे. याचा अनाहूत पुरावा मार्च २०२२ मध्ये मिळाला, त्याकडे पुढे येऊ.

कॅनिस्टरपासून धडकेपर्यंत

क्षेपणास्त्र ग्राहकाकडे येतं ते सीलबंद कॅनिस्टरमध्ये. साठवण, वाहतूक आणि प्रक्षेपण, तिन्ही त्याच नळकांड्यातून. तळावर ते उघडून आत हात घालायचा नसतो. बाहेरच्या जोडण्यांतून विद्युत तपासणी तेवढी करायची. ओलावा आणि खारी हवा हे घन इंधनाचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शत्रू, तेव्हा आपल्यासारख्या किनाऱ्यावर ही रचना मोलाची आहे. मूळ आयुष्य दहा वर्षांचं होतं. २१ आणि २२ मे २०१८ च्या चाचण्यांत ते पंधरा वर्षांपर्यंत वाढवण्याचं तंत्र तपासलं गेलं. इतक्या महागड्या वस्तूचं आयुष्य दीडपट होणं ही पल्ला वाढण्याइतकीच महत्त्वाची बातमी होती, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

उभ्या प्रक्षेपणात क्षेपणास्त्र आधी वायूच्या दाबाने कॅनिस्टरबाहेर फेकलं जातं. मुख्य बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा वेग देणारं रॉकेट, अजून पेटलेला नसतो. हवेत आल्यावर नाकावरच्या टोपीतले छोटे थ्रस्टर त्याला लक्ष्याच्या दिशेला झुकवतात, टोपी गळून पडते आणि मग बूस्टर पेटतो. चाचण्यांच्या चित्रफितीत क्षेपणास्त्र वर उडी मारून क्षणभर थबकल्यासारखं दिसतं आणि एकदम काटकोनात वळतं, ते हे. फायदा असा की लाँचर कुठल्याही दिशेला तोंड करून उभा असला तरी चालतो. जहाज वळवावं लागत नाही, ट्रक पुन्हा लावावा लागत नाही.

बूस्टरची गरज का, हे समजलं की वजनाचं कोडं अर्धं सुटतं. रॅमजेटमध्ये हवा दाबणारी फिरती पाती नसतात. समोरून घुसणारी हवाच स्वतःच्या वेगाने दाबली जाते. नाकातला शंकू आघातलहरी उभ्या करून तिला मंद आणि दाट करतो, मग तिच्यात केरोसीनच्या जातीचं इंधन जळतं. पण उभ्या असलेल्या रॅमजेटला काहीच करता येत नाही. मॅक २ च्या आसपासचा वेग दुसऱ्या कुणीतरी आणून द्यावा लागतो. हे काम घन इंधनाचा बूस्टर काही सेकंदांत करतो आणि संपला की बाहेर पडतो. तो रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच बसवलेला असल्याने लांबी वाचते. लांबी वाचली तरी वजन चुकत नाही. अडीच-तीन टन उचलून मॅक २ पर्यंत न्यायचे तर तेवढं घन इंधन लागणारच.

रॅमजेटच्या पुढे दोन अटी असतात. एक, वेग ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. गेला तर आघातलहर शंकूवरून पुढे ढकलली जाते, हवा आत येणं विस्कटतं आणि इंजिन विझतं. दोन, हवेत शिरणाऱ्या तोंडाचा कोन फार तिरपा होऊ नये. त्यामुळे ब्राह्मोस वळणं घेऊ शकतं, पण कितीही तीव्र वळण घेतं हा समज चुकीचा आहे.

पल्ल्याचे आकडे कसे वाचायचे

ब्राह्मोसला २९०, ४५० आणि ८०० असे तीन पल्ले चिकटवले जातात आणि वाचक गोंधळतो. २९० हा इंजिनाने ठरवलेला आकडा नव्हता. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, म्हणजे एमटीसीआर, ३०० किलोमीटर पल्ला आणि ५०० किलो भार यांच्या पलीकडच्या वस्तू देण्याघेण्यावर बंधनं घालते. रशिया तिचा सदस्य असल्याने त्याला भारताशी भागीदारी ठेवायची तर वेशीच्या आत राहणं भाग होतं. जून २०१६ मध्ये भारत स्वतः सदस्य झाला, आणि नऊ महिन्यांत, ११ मार्च २०१७ ला, वाढीव पल्ल्याची चाचणी झालीसुद्धा. इतक्या कमी वेळात नवा सांगाडा बनत नाही. वाव आधीपासून होता, तो उघडला गेला. ८०० किलोमीटरचा प्रकार मात्र विकासाधीन आहे, त्याला हातातली वस्तू समजून तुलना करू नये.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की छापलेला पल्ला उंचावरून जाऊन शेवटी खाली उतरण्याचा असतो. पंधरा किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सहावा हिस्सा असते. सगळी वाट पाण्यालगत कापायची म्हटली तर विरोध इतका वाढतो की मूळच्या ओनिक्स कुळातल्या निर्यात प्रकाराचा ३०० किलोमीटरचा पल्ला १२० वर येतो. कुणी ‘दहा मीटरवरून २९० किलोमीटर’ असं एका दमात सांगत असेल तर त्याने दोन वेगळ्या उड्डाणांचे आकडे एकत्र केले आहेत.

समुद्रावर सोपं, जमिनीवर अवघड

 समुद्रावर सीकरचं काम तुलनेने सरळ असतं, सपाट पाण्यावर पोलादी जहाज उठून दिसतं. जमिनीवर शेजारी-शेजारी दहा इमारती असतात आणि त्यातली एकच हवी असते. लष्करासाठीच्या ब्लॉक २ आवृत्तीत नेमकी हीच ओळख पटवायची होती आणि तिथेच ठेच लागली. २० जानेवारी २००९ ला पोखरणमध्ये क्षेपणास्त्र नीट सुटलं, नीट उडालं, दिशाही धरून होतं, पण लक्ष्य चुकलं. दोष यंत्रात नव्हता, सॉफ्टवेअरमध्ये होता. तो दुरुस्त करून ४ मार्च आणि २९ मार्चला पुन्हा चाचण्या झाल्या आणि त्या यशस्वी ठरल्या. पुढे ५ सप्टेंबर २०१० ला उंचावरून ध्वनीहून जास्त वेगात तीव्र सूर मारण्याची क्षमता दाखवली गेली. डोंगराआडच्या लक्ष्यासाठी ही लागते. तिरप्या रेषेत येणारं क्षेपणास्त्र कड्यावरच आपटेल.

दिशादर्शनासाठी स्वतःची हालचाल मोजणारी आतली जडत्वीय प्रणाली आणि जोडीला अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास आणि भारताचं गगन या तिन्ही उपग्रह प्रणालींचे संकेत वाचणारा छोटा घटक आहे. एकाच परदेशी उपग्रहमालिकेवर विसंबायचं नाही, हा निर्णय शहाणपणाचा. सीकर आधी रशियन होता. देशी सीकर लावलेलं क्षेपणास्त्र २२ मार्च २०१८ ला पोखरणमध्ये उडालं.

जहाज, ट्रक, सुखोई

तीन प्रकारांत आमची पहिली पसंती जहाजावरच्या प्रकाराला. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गांच्या विनाशिकांवर प्रत्येकी सोळा ब्राह्मोस उभ्या लाँचरमध्ये बसतात. सात-साडेसात हजार टनांच्या जहाजाला तीन टनांचं ओझं जाणवत नाही, म्हणजे वस्तूचा सगळ्यात मोठा दोष इथे आपोआप झाकला जातो. गोव्याच्या बंदराचं नाव घेतलेल्या आयएनएस मोरमुगाओने मे २०२३ मध्ये आपल्या पहिल्याच ब्राह्मोस चाचणीत लक्ष्य अचूक टिपलं होतं.

ट्रकवरचा प्रकारही पक्का. बारा चाकांच्या टाट्रावर तीन कॅनिस्टर, चालकापासून नियंत्रणापर्यंत सगळं त्याच गाडीवर. किनारा मोठा आणि जहाजं थोडी असलेल्या देशाला याहून सोयीचं काही मिळणं कठीण. फिलिपिन्सने जानेवारी २०२२ मध्ये हाच प्रकार घेतला : तीन बॅटऱ्या, म्हणजे लाँचरांचे तीन संच, सुमारे ३७.५ कोटी डॉलर, आणि पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. ही किंमत फक्त क्षेपणास्त्रांची नाही. लाँचर, प्रशिक्षण आणि देखभाल तिच्यात येतात, त्यामुळे तिला नगांनी भागून ‘एक ब्राह्मोस एवढ्याला’ असं काढणं चूक ठरेल. शिवाय लक्ष्य कुठे आहे हे सांगणारे रडार, गस्ती विमानं किंवा ड्रोन घेणाऱ्याकडे नसतील तर २९० किलोमीटरचा पल्ला डोळ्यांवर पट्टी बांधून वापरावा लागतो. किनाऱ्यावरचा रडार समुद्रावरची जहाजं क्षितिजापर्यंतच पाहतो, तीस-चाळीस किलोमीटर.

हवाई प्रकार सगळ्यात प्रभावी आणि सगळ्यात अडचणीचा. विमान आधीच उंचावर आणि वेगात असल्याने बूस्टर लहान करता आला, वजन अडीच टनांवर आलं, वॉरहेड तीनशे किलोंपर्यंत नेता आलं. तरी सुखोई-३० एमकेआयच्या पोटाखाली एकच मावतं. त्यासाठी विमानाचा मधला भाग मजबूत करावा लागला, वायरिंग बदलावं लागलं. हे काम नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झालं आणि बदललेल्या विमानाने २५ जून २०१६ ला तिथूनच ब्राह्मोस घेऊन पहिली भरारी मारली. प्रत्यक्ष मारा २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर. क्षेपणास्त्र आधी नुसतं खाली सोडलं जातं, विमानापासून सुरक्षित अंतरावर पडल्यावर बूस्टर पेटतो. तंजावरला जानेवारी २०२० मध्ये २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन या जोडीसाठी उभी राहिली. विमानाचा स्वतःचा पल्ला जोडला की ब्राह्मोस हजार किलोमीटरपलीकडचं लक्ष्य गाठतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरमध्ये ब्राह्मोस वापरलं गेल्याचं सरकारमधल्या जबाबदार व्यक्तींनी जाहीर सांगितलं आहे. पण एका उड्डाणाला एकच मारा, हे गणित बदलत नाही. चार लक्ष्यं म्हणजे चार सुखोई, त्यांचं संरक्षण करणारी विमानं वेगळी आणि इंधन भरणारी वेगळी.

पाणबुडीतला प्रकार २० मार्च २०१३ ला विशाखापट्टणमजवळ पाण्याखाली बुडवलेल्या पाँटूनवरून, म्हणजे चबुतऱ्यावरून, उडाला. त्याला वाहून नेणारी पाणबुडी अजून नाही, म्हणून त्याला गुण देता येत नाहीत.

जिथे हात बिघडतात

यंत्राचे अपघात होतात. १२ जुलै २०२१ ला वाढीव पल्ल्याचं एक क्षेपणास्त्र ओडिशाच्या किनाऱ्यावर सुटताच पडलं. विकासात असं होतंच. ९ मार्च २०२२ ची घटना मात्र वेगळ्या जातीची होती. वॉरहेड नसलेलं एक ब्राह्मोस भारतीय हद्दीतून चुकून सुटलं आणि संध्याकाळी सहा पन्नासच्या सुमाराला पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. चौकशीत कार्यपद्धती सोडल्याचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाने तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. न्यायालयात पुढे आलं ते असं की क्षेपणास्त्रांचे युद्धकाळातले कनेक्टर जंक्शन बॉक्सला जोडलेले राहिले होते.

ज्यांना हत्यारांच्या देखभालीशी संबंध आहे त्यांनी हे पुन्हा पुन्हा वाचावं. वर ज्या कॅनिस्टरचं कौतुक केलं, त्याचीच ही उलट बाजू आहे. सीलबंद, सदैव तयार, मिनिटांत सुटणारी वस्तू आणि खरंखुरं प्रक्षेपण यांच्यामध्ये तपासणीच्या वेळी उरतात ते काही कनेक्टर, काही कुलपं आणि यादी हातात धरलेली माणसं. जितकी तयारी जास्त, तितकी यादी कडक हवी. अण्वस्त्रधारी शेजाऱ्यावर सेकंदाला पाऊण किलोमीटरहून अधिक वेगाने काहीतरी जात असताना ‘ते रिकामं आहे’ हे सांगायला फोन लावण्याइतकाही वेळ नसतो. वेगाच्या किमतीत हाही रकाना धरायला हवा.

पाकिस्तानच्या लष्कराने तेव्हा सांगितलं की उड्डाण सुरुवातीपासून त्यांना दिसत होतं, ४० हजार फुटांवर, आणि त्यांच्या हद्दीत ते १२४ किलोमीटर आत आलं. दिसलं, त्याचा माग काढला, पण पाडलं नाही. उंचावरचं ब्राह्मोस लपत नाही आणि तरी पोचतं, हे वर म्हटलं ते यावरून.

सुटे भाग आणि पुरवठा

महाराष्ट्राचा हात या क्षेपणास्त्रात बराच आहे. सांगाड्याचे भाग मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, लाँचर आणि कॅनिस्टरमध्ये लार्सन अँड टुब्रोचं काम आहे, देशी बूस्टरसाठी नागपूरच्या सोलार गटातली इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज पुढे आली. देशी बूस्टर आणि देशी सांगाडा लावलेलं क्षेपणास्त्र ३० सप्टेंबर २०२० ला चारशे किलोमीटरपलीकडे गेलं. जुळणी हैदराबादला होते. मे २०२५ मध्ये लखनौचं नवं केंद्रही सुरू झालं. आता खरा अडलेला भाग एकच, रॅमजेट इंजिन. त्यासाठी अजून रशियाकडे पाहावं लागतं. युद्धात गुंतलेला देश स्वतःची गरज आधी भागवणार, हे गृहीत धरून साठा ठरवायला हवा.

किमतीचा अंदाज हवा असेल तर १ मार्च २०२४ चे दोन करार पाहा : नौदलासाठी क्षेपणास्त्रांचे १९,५१८.६५ कोटी रुपये आणि जहाजांवरच्या प्रणालीचे ९८८.०७ कोटी. या भावाची वस्तू पूल, गोदाम किंवा मोकळ्यावरच्या तोफांवर खर्च करणं परवडणारं नाही. तिथे मंद, स्वस्त आणि लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये चाचणी झालेलं जमिनीवर मारा करणारं देशी क्रूझ क्षेपणास्त्र त्याच वाटेवरचं आहे. ब्राह्मोस राखून ठेवायचं ते पळणाऱ्या जहाजासाठी, रडारसाठी, धावपट्टीसाठी. जिथे सहा मिनिटं आणि अठरा मिनिटं यात निकालाचा फरक पडतो.

मॅक ५ च्या पुढचं दुकान

हायपरसॉनिक म्हणजे मॅक ५ च्या पुढे. अग्नीसारखी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं परतताना याच्या कितीतरी पट वेगात असतात, तेव्हा नुसता वेग ही नवलाई नाही. वातावरणात राहून, दिशा बदलत, तो वेग टिकवणं ही नवलाई. एक मार्ग रॉकेटने वर फेकून घसरत आणण्याचा, दुसरा स्क्रॅमजेटने, म्हणजे आतली हवाही ध्वनीहून वेगात ठेवणाऱ्या रॅमजेटने, सतत ढकलत नेण्याचा. ब्राह्मोस-२ नावाची वस्तू दुसऱ्या मार्गाची आहे आणि ती वर्षानुवर्षं प्रदर्शनांत मॉडेल म्हणून दिसते. ती आजवर उडालेली नाही. तिचे गुणदोष मांडणारे लेख कल्पनेवर लिहिलेले असतात.

जे उडालं ते मोजूया. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून हायड्रोजनवर चालणारं स्क्रॅमजेट पाच सेकंद पेटवलं. डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या प्रायोगिक हायपरसॉनिक यानाने ७ सप्टेंबर २०२० ला डॉ. अब्दुल कलाम बेटावरून उडून तीस किलोमीटर उंचीवर मॅक ६ ने वीस सेकंदांपेक्षा जास्त ज्वलन टिकवलं. सेकंदाला दोन किलोमीटर धरले तर हे चाळीस किलोमीटर झाले. तंत्र सिद्ध व्हायला पुरेसे, हत्यार व्हायला अपुरे. त्यानंतरच्या पायऱ्या हैदराबादच्या डीआरडीएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत जमिनीवर चढल्या गेल्या : जानेवारी २०२५ मध्ये शीतकरण असलेला ज्वलनकक्ष १२० सेकंद, एप्रिल २०२५ मध्ये एक हजार सेकंदांपलीकडे. त्याच वेगाने हजार सेकंद म्हणजे दोन हजार किलोमीटर. हा आकडा खरोखर दिलासा देणारा आहे. पण कक्ष लहान आकाराचा होता आणि चाचणी जोडनळीच्या केंद्रात झाली, जिथे तापलेली हवा थेट कक्षात सोडतात. हवा घेणारं तोंड, उडत्या सांगाड्याची थरथर, वळताना बदलणारा प्रवाह यांची परीक्षा त्यात होत नाही.

इथे वेगाचा भाव वजनात नाही, उष्णतेत मोजावा लागतो. मॅक २.८ ने जाताना नाकाशी थांबलेली हवा २८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. साधं अॅल्युमिनियम तिथे ढिलं पडतं, टायटॅनियम आणि उष्णतारोधक पोलाद निभावतं. मॅक ६ ला तीच हवा दीड हजार अंशांवर जाते, पोलाद वितळण्याच्या पातळीवर, आणि ज्वलनकक्षात त्याहून वर. शिवाय स्क्रॅमजेटमध्ये हवा ध्वनीहून वेगातच राहते. इंधन मिसळायला आणि पेटायला मिळतो सेकंदाचा हजारावा भाग. उपाय दुहेरी आहे. आतून सिरॅमिकचा लेप, आणि भिंतींतल्या बारीक वाहिन्यांतून जळण्याआधी फिरवलेलं इंधन. हे इंधन उष्णता शोषताना हलक्या रेणूंत फुटतं, भिंत थंड होते आणि फुटलेलं इंधन लवकर पेटतं. बिघडतं कुठे? फुटताना काजळी धरते. एखादी वाहिनी चोंदली की तिथली भिंत काही सेकंदांत लाल होऊन फाटते. वीस सेकंदांच्या चाचणीत हा दोष उघडा पडत नाही, हजार सेकंदांच्या चाचणीत पडतो. म्हणून हायपरसॉनिकच्या बातमीत मॅकचा आकडा नंतर वाचा, आधी सेकंद वाचा.

१६ नोव्हेंबर २०२४ ला कलाम बेटावरून दीड हजार किलोमीटरपलीकडे मारा करू शकणाऱ्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली. दरम्यान १९ डिसेंबर २०२० पासून हैदराबादला एक मीटर व्यासाच्या नोझलचा, मॅक ५ ते १२ साधणारा वायुबोगदा चालू आहे. तो नसता तर प्रत्येक शंका उड्डाणातच तपासावी लागली असती.

सध्या मांडणीवर असलेल्यांत आमचं लक्ष ब्राह्मोस-एनजीकडे, म्हणजे पुढच्या पिढीच्या लहान ब्राह्मोसकडे, जास्त आहे. वेग तोच, वजन निम्म्याच्या आसपास. सुखोईवर एकापेक्षा जास्त, तेजसवरही. पहिल्यांदा उडेल तेव्हा दोन गोष्टी पाहायच्या : पूर्ण भरलेलं वजन दीड टनाच्या आत बसलं का, आणि त्यातलं रॅमजेट कुठल्या देशात ओतलं गेलं.